चिठ्ठी बंद करणारी गोळी

बारावीच्या जीवशास्त्रात एक धडा आहे, तो मी दरवर्षी दातओठ खात शिकवते. स्टाफरूममधल्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, अहो, डीएनएची आरएनएत नक्कल होते, ती नक्कल प्रथिनं बनवायच्या ठिकाणी जाते, एवढाच तर धडा आहे, त्यात चिडण्यासारखं काय? मी हसून वेळ मारून नेली. काय सांगणार? त्या धड्यात मला माझ्या बापाला मारणारा दिसतो, आणि त्याचा गळा नेमका कुठे धरायचा तेही दिसतं. गळा धरल्यावर तो कसा तडफडतो हे पोरांना समजावून सांगताना मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं.

मी शिरूर कासारला ज्युनियर कॉलेजात शिकवते. दिवाळी झाली की समोर बसलेल्या निम्म्या पोरांचे आईबाप गावात नसतात, ऊस तोडायला गेलेले असतात. त्यामुळे हा धडा शिकवायला मला पुस्तकातली चित्रं लागत नाहीत. मी सरळ कारखान्यापासून सुरुवात करते. कोणत्या शेतकऱ्याचा कोणता ऊस कधी तोडायचा, याचा सगळा आराखडा कारखान्याच्या ऑफिसात असतो. तो आराखडा उचलून कुणी उसाच्या फडात आणत नाही. त्यातलं आजच्या कामापुरतं एका चिठ्ठीवर उतरवतात, चिटबॉय ती चिठ्ठी मोटारसायकलवरून टोळीला आणून देतो, आणि मग कोयते चालतात. डीएनए म्हणजे ऑफिसातला आराखडा, आणि संदेशवाहक आरएनए म्हणजे ती चिठ्ठी.

"चिठ्ठी लिहितं कोण?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच.

चिठ्ठी लिहिणारं एक यंत्र असतं. आरएनए पॉलिमरेज त्याचं नाव. ते डीएनएच्या ठरलेल्या जागी येऊन बसतं, एकमेकांना धरलेले दोन धागे थोडेसे उलगडतं आणि त्यातला एक वाचायला घेतं. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. समोर ए दिसला की यू ठेवायचा, टी दिसला की ए, जी दिसला की सी, सी दिसला की जी. चिठ्ठीत टी नसतो, त्याचं काम यू करतो. असं एकेक अक्षर जोडत यंत्र पुढे सरकतं, मागचे धागे पुन्हा मिटतात आणि लिहिलेली चिठ्ठी बाहेर लोंबत राहते. आपल्या पेशीत ती कापून-सवरून मग केंद्रकाबाहेर पाठवतात. जंतूकडे केंद्रकच नसतं, ऑफिस आणि फड एकाच छपराखाली. एक टोक लिहून व्हायचं असतं, तोवर दुसऱ्या टोकाशी काम सुरू झालेलं असतं. चिठ्ठी फार टिकत नाही, काम झालं की तिचे तुकडे होतात. म्हणून जंतूला जगायचं असेल तर सारख्या नव्या चिठ्ठ्या लिहाव्या लागतात.

"आणि चिठ्ठी आलीच नाही तर?" मी विचारते.

हे उत्तर पोरांना कुठल्या पुस्तकात शोधावं लागत नाही. "टोळी बसून राहती, मॅडम."

"बसून राहिली तर?"

"उपास."

मग मी फळ्यावर त्या यंत्राचं तोंड काढते आणि त्यात लाल खडूनं एक ठिपका ठेवते. हा ठिपका म्हणजे रिफॅम्पिसिन, क्षयाची लाल गोळी. ती क्षयाच्या जंतूच्या यंत्रात चिठ्ठी बाहेर यायच्या वाटेवर जाऊन बसते. यंत्र दोन-तीन अक्षरं जोडतं, चिठ्ठीचं टोक गोळीवर आपटतं आणि काम तिथेच खुंटतं. पुन्हा सुरुवात, पुन्हा आपटणं. आराखडा जागेवर आहे, यंत्र जागेवर आहे, कोयते धार लावून तयार आहेत, आणि चिठ्ठी नाही. आपल्या पेशीतल्या यंत्राचं तोंड वेगळ्या घडणीचं, तिथे ही गोळी बसत नाही. मरतो तो फक्त जंतू. मरू दे.

माझा बाप क्षयानं गेला तेव्हा मी अकरावीत होते, नेकनूरला आत्याकडे राहून शिकत होते. आई आणि बा दरवर्षी टोळीबरोबर जायचे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीत नेते. दोघांतलं एक आजारी पडलं की तो अर्धा कोयता होतो, आणि अर्धा कोयता टोळी नेणाऱ्या कुठल्याच मुकादमाला नको असतो. त्या वर्षी निघायच्या आधी बाला खोकला होता. तालुक्याच्या दवाखान्यात बेडका तपासला, क्षय निघाला, गोळ्यांची पाकिटं मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुटली. गोळ्या सुरू झाल्या त्या फडावरच.

ही गोळी घेतली की लघवी लाल होते. गोळीचाच रंग तो, अंगातून उतरतो, कधी घामाला येतो, कधी डोळ्यांतल्या पाण्यालाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दवाखान्यात सांगितलंही असेल, पण गाडी पकडायच्या गडबडीत बाच्या डोक्यात ते राहिलं नाही. उसाच्या वाळलेल्या पाचटावर त्यानं तो रंग पाहिला आणि काही आठवडे लाजेनं कुणाला सांगितलं नाही. त्या आठवड्यांत ताप उतरला होता, खोकला कमी झाला होता, भाकरी गोड लागायला लागली होती. गोळी आपलं काम करत होती. तेवढ्यात त्यानं मुकादमाला सांगितलं.

मुकादम आमच्याच गावचा, आमच्याच गल्लीतला. लहानपणी मी त्याला काका म्हणायचे. त्यानं बाला सांगितलं, गोळी गरम पडली, रगत जाळून बाहेर काढतीय, फेकून दे आणि उसाचा रस पी. उन्हाळी लागल्यावर, म्हणजे लघवीला जळजळ झाल्यावर, उसाचा रस प्यायचा हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. गोळ्या बंद झाल्या, रस सुरू झाला, आणि दोन दिवसांत लघवी पाण्यासारखी झाली. होणारच, गोळीच पोटात नव्हती तर रंग कुठून येणार? पण सगळ्या टोळीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं की मुकादमाच्या रसानं रगत थांबलं. त्यानंतर कितीतरी वर्षं हा माणूस पारावर बसून तो किस्सा सांगायचा. आजारी कुणीही असो, रस पी म्हणायचा.

बा चैत्रात परत आला तो गाडीतून उतरवून आणावा लागला. पुन्हा गोळ्या सुरू केल्या, पुन्हा लघवी लाल झाली, आणि या वेळी त्या गोळ्यांनी काहीच केलं नाही. ज्येष्ठात तो गेला. शेवटी शेवटी तोंडातून खरंच रक्त यायचं. आई पदरानं पुसायची.

गोळ्या का चालल्या नाहीत, हे मला बीडला बीएस्सी करताना कळलं. जंतू मरता मरता अर्धवट सोडले की उरलेल्यांत एखादा असा निघतो, ज्याच्या डीएनएत त्या यंत्राच्या आराखड्यातलंच एक अक्षर बदललेलं असतं. मग यंत्राच्या तोंडाची घडण जराशी बदलते आणि गोळी तिथे बसत नाही. चिठ्ठ्या सुरळीत बाहेर पडतात. बाच्या छातीत हेच झालं असणार. तेव्हा ते तपासायची सोय आमच्यापर्यंत आलेली नव्हती, त्यामुळे सिद्ध करता येणार नाही. पण मला काही सिद्ध करायचं नव्हतं. मला मुकादम हवा होता. मी मनाशी पक्कं धरलं होतं की तो जाणूनबुजून खोटं बोलला. गोळ्यांनी बाला मळमळायचं, दुपारी तो बांधावर आडवा व्हायचा, कोयता अर्धा पडायचा, म्हणून यानं गोळ्या बंद पाडल्या. रस्त्यात तो समोरून आला की मी मनातल्या मनात त्याला रोज नव्या तऱ्हेनं मारायचे. नोकरी लागल्यावर मी शहरात न राहता गावातच आईजवळ राहिले. लोकांना वाटलं, पोरगी गुणाची. आईची काळजी होतीच. पण हा माणूस माझ्या नजरेसमोर म्हातारा व्हावा आणि त्याचं वाईट झालेलं मला बघायला मिळावं, हेही होतं.

ते मिळालं. गेल्या श्रावणात त्याची बायको आमच्या दारात आली.

"पोरी, जरा घरी चल की. ह्यांला तुझ्या बासारकंच निघालंय. गोळ्या दिल्यात, पर घेईनात. दवाखान्याच्या आशाताईनं सांगून पाह्यलं, आयकंनात. तू शास्त्र शिकलेली हाईस, तुझं आयकतील."

मी गेले. कुणाला वाटेल दया आली म्हणून गेले, तर तसं काही नाही. बघायला गेले. मुकादम ओट्यावर गोधडी पांघरून बसला होता. गाल आत गेलेले, मनगटं पोराची असावीत तशी. शेजारी बीडच्या रसवंतीतून मागवलेली उसाच्या रसाची बाटली.

"मुतातून रगत जातंय," तो म्हणाला. "गोळी गरम पडली मला. बंद केली म्या. रस पेतोय, थंड पडंल."

हा माणूस स्वतःच्या जिवावरही तोच इलाज करत होता. म्हणजे त्या वेळी तो खोटं बोललाच नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं मी एका कपटी माणसाचा द्वेष जपला, आणि समोर बसलेला निघाला एक अडाणी म्हातारा. माझा राग यानं कमी व्हायला हवा होता. तो वाढला. कपटी माणसाला निदान शिक्षा तरी देता येते.

आणि मी त्याच्या हो ला हो केलं असतं तरी माझा सूड पुरा झाला असता. बरोबर आहे काका, रगतच आहे, रस प्या, एवढं म्हणायचं आणि उठायचं. जिभेवर आलं होतं. त्याची बायको माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ते रगत न्हाई," मी म्हणाले. "गोळीचा रंग हाय. अन् मी तुमाला मरू देणार न्हाई. एवढ्या स्वस्तात तर अजिबात न्हाई."

मग मी त्याला चिठ्ठीची गोष्ट सांगितली. आराखडा, यंत्र, चिठ्ठी, तोंडात बसलेली गोळी. तो डोळे बारीक करून ऐकत होता. माझ्या वर्गातल्या पोरांना दोन तास लागतात, त्याला ओट्यावर चहा व्हायच्या आत समजलं.

"म्हंजे जंताच्या टोळीला चिठ्ठीच मिळू द्यायची न्हाई. बसवून मारायची."

"हां."

"आन् मदीच गोळी सोडली तर?"

"तर त्यांच्यातला एखादा शाणा यंत्राचं तोंड बदलून चिठ्ठ्या काढतो. मग गोळी कामाची न्हाई."

त्यानं रसाची बाटली बाजूला सरकवली. कुणाबद्दल बोलतेय हे त्याला समजलं होतं. इतका चांगला विद्यार्थी मला त्या वर्षात दुसरा भेटला नाही, आणि याचाही मला संताप आला.

दवाखान्यातल्या आताच्या तपासणीत नेमकी तीच अक्षरं वाचतात, यंत्राच्या तोंडाची. त्याच्या जंतूंची अक्षरं शाबूत होती, गोळी लागू पडणार होती. त्याचं नशीब. मी अट घातली. रोज सकाळी अनशापोटी आमच्या ओट्यावर येऊन माझ्यादेखत गोळ्या गिळायच्या. आणि दसऱ्यानंतर टोळी निघेल त्या दिवशी सगळ्यांसमोर आपल्या लाल लघवीची बाटली धरून सांगायचं की हे रगत नाही, गोळ्या सोडू नका, आणि माझ्या बाला मीच चुकीचं सांगितलं.

"लोकं हसतील," तो म्हणाला.

"हसू द्या."

"टोळी ऱ्हाईल का माझ्या हाताखाली?"

"ते मला कशाला इचारता? माझ्या बाला इचारा."

तो रोज यायचा. तोंड उघडून जीभ वर करून दाखवायला लावायचे मी त्याला, शाळेतल्या पोरासारखं. मला त्यातही गोडी वाटायची. त्याच्या अंगावर मांस चढत होतं आणि मी मनात म्हणायचे, चढू दे, लाज वाटायला अंगात जीव हवा. फक्त एक गोष्ट मला खटकायची. गोळ्या घेऊन तो तासभर बसायचा, आणि मग आई त्याला चहा आणून द्यायची. कपात, बशीसकट. मी एकदा भांडले. ज्यानं तुझं कुंकू पुसलं त्याला कसला चहा पाजतेस? दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा.

टोळी निघायच्या दिवशी सकाळी सगळे देवळापुढच्या पारापाशी जमले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत पेट्या, हंडे, शेळ्या, पोरं चढलेली. मुकादम पिशवीतून बाटली घेऊन आला. वरचा कागद सोलून काढलेला, आतला लालसर नारिंगी रंग उन्हात लखलखत होता. एक म्हातारा ओरडला, "देवाम्होरं मूत आणतो काय बे!" म्हणून सगळी सभा देवळासमोरून उठून पलीकडच्या लिंबाखाली गेली. बायकांनी तोंडाला पदर लावले, गडी फिदीफिदी हसत होते. मी पुढे उभी होते. किती वर्षं या सकाळची वाट पाहिली होती.

त्यानं बाटली वर धरली आणि सगळं सांगितलं. गोळीचा रंग, जंताची चिठ्ठी, मध्येच सोडल्यावर काय होतं. हसणं हळूहळू थांबलं. टोळीत दोघं-तिघं तरी खोकणारे होतेच. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हिच्या बाला म्या गोळ्या टाकाय लावल्या. त्यो माझ्या पायी गेला. चांगला माणूस व्हता."

मी वाट बघत होते की आता छातीत काहीतरी थंड पडेल. आणि बायकांच्या घोळक्यातून आई पुढे आली.

"त्यांनी न्हाई टाकल्या," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मुकादमाचं त्यांनी आयकलं न्हाई. म्हणले, मला बरं वाटतंय, म्या घेणार. तवा म्या टाकल्या. ते फडात गेलते, म्या खोपीतली पाकिटं काढली अन् पाटाच्या पाण्यात सोडली. मला वाटलं, रगत चाललंय माणसाचं."

मुकादमानं बाटली खाली घेतली. "गप बस, वैनी," तो म्हणाला. "म्याच सांगितलं व्हतं तुला. त्यो आयकंना म्हणून तुला सांगितलं. त्यात तुझं काय न्हाई."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं आणि कुठल्याही किश्श्यात त्यानं आईचं नाव घेतलं नव्हतं. मी सगळ्या गावासमोर त्याची लाज काढायला निघाले होते, आणि तो सगळ्या गावासमोर माझ्या आईवर पांघरूण घालत होता. मला त्याचा त्या क्षणी जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. द्वेष करायला निदान एक माणूस होता माझ्याकडे, तोही त्यानं धड ठेवला नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या पुऱ्या करून तो आता खडखडीत बरा आहे, यंदाही टोळी घेऊन गेला, आणि मी त्याला अजून काका म्हणत नाही.

ट्रॅक्टर निघून गेले. आम्ही दोघी घरी आलो. आई चुलीपुढे बसली, परात पुढ्यात ओढली आणि तशीच थांबली.

"ती पाकिटं ऱ्हायली असती," ती म्हणाली, "त्यांनी सगळ्या गोळ्या घेतल्या असत्या, तर जगले असते का गं?"

हे उत्तर मी दरवर्षी भरल्या वर्गात छातीठोकपणे देते. होय. यंत्राचं तोंड बंद, चिठ्ठी नाही, जंतू उपाशी, माणूस जिवंत. याच उत्तरावर मी शिकले, याच उत्तरावर मी सूड घ्यायला निघाले.

"न्हाई, आई," मी म्हणाले. "त्यांच्या जंताला ती गोळी लागूच पडत नव्हती. पयल्यापासून."

"पर त्यांला बरं वाटाय लागलं व्हतं की."

"वाटतं तसं थोडे दिस. मी शिकवते की हेच."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. ज्या जंतूचा जीव घ्यायला मी आयुष्यभर टपले होते, त्याच्या बाजूनं मी आईशी खोटं बोलत होते, आणि नजर खाली जाऊ देत नव्हते. शेवटी तिनं मान हलवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.